अडचणीच्या खुणा

इंदिरानगरच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराआड एक दिनदर्शिका टांगलेली असते. गॅसचा सिलिंडर कधी लावला, दूध कोणत्या दिवशी आले नाही, अशा नोंदी तिच्यावर असतात. पूर्वी काही तारखांच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेली एक बारीक फुलीही असे. ती फुली मला सासूबाईंनी शिकवली. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी सांगितले होते की अडचण आली की तारखेखाली खूण करायची. म्हणजे सणवाराचे, लोणच्या-पापडांचे बेत ठरवताना कोणी काही विचारायला नको आणि आपण काही सांगायला नको.

मी पंचवटीतल्या एका शाळेत एकतीस वर्षे विज्ञान शिकवले. दहावीच्या पुस्तकातला पुनरुत्पादनाचा पाठ अनेक शिक्षक ‘घरी वाचून या’ म्हणून सोडून देतात. मी तो एकाही वर्षी सोडला नाही. फळ्यावर आकृती काढून प्रत्येक भागाला नाव द्यायला लावी. एखादी मुलगी ‘पिशवी’ म्हणाली, की मी तिला थांबवी आणि ‘गर्भाशय’ हा शब्द वर्गाकडून मोठ्याने म्हणवून घेई. शास्त्रात शब्दाला लाजायचे नसते, हे वाक्य मी इतक्या वेळा उच्चारले असेन की मुलींनी माझ्या नकलेत ते घेतले होते. संध्याकाळी घरी येऊन मात्र मी दाराआड फुली काढत असे. या दोन गोष्टींत काही विसंगती आहे, असे मला कधी वाटले नाही.

आमची कुत्री अकरा वर्षांपूर्वी शाळेच्या सायकलस्टँडवर सापडली. गावठी जात, रंग उन्हात वाळवलेल्या गव्हासारखा, आणि एक कान कायमचा मुडपलेला. ती पहिल्यांदा माजावर आली तेव्हा कॉलनीतली सगळी कुत्री फाटकाशी जमली. यजमानांना तीन आठवडे काठी घेऊन अंगणात खुर्ची टाकावी लागली. ‘माज’ हा शब्द मला गुराढोरांच्या बाजारातला वाटे. म्हणून तिच्या बाबतीतही आम्ही ‘अडचण’च म्हणू लागलो, आणि त्या तारखांखाली मी फुलीऐवजी एक लहान वर्तुळ काढू लागले. यजमान तेव्हा नुकतेच पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. एकदा चहा गाळता गाळता ते म्हणाले, “घरात दोघी बायका, आणि दोघींचं वेळापत्रक भिंतीवर. माझंच काय ते लिहिण्यासारखं काही नाही.” पुढे काही वर्षांनी माझ्या फुल्या आधी अनियमित झाल्या आणि मग थांबल्या. वर्तुळे मात्र वर्षातून दोनदा येत राहिली.

कुत्री दोन वर्षांची असताना दवाखान्यातल्या तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितले होते की पिल्ले नको असतील तर तिची पिशवी काढून टाका, म्हातारपणी त्रास होणार नाही. मी आधी त्यांचा शब्द दुरुस्त केला आणि मग सल्ला नाकारला. त्याला एक कारण होते. माझ्या थोरल्या बहिणीची पिशवी चाळिशीतच काढली गेली होती. आमच्या ओळखीत ज्या-त्या बाईला हाच सल्ला मिळे, आणि बहीण त्यानंतर पूर्वीसारखी उभी राहिली नाही. मलाही तेच सुचवले गेले, तेव्हा मी ठाम नकार दिला होता आणि माझे काही बिघडले नव्हते. जे माझ्या बाबतीत योग्य ठरले, तेच मी तिच्या बाबतीत ठरवले. डॉक्टरांनी पुन्हा आग्रह केला नाही. त्यांना विरोध करणारी व्यक्ती विज्ञानशिक्षिका होती, एवढ्यावर ते गप्प बसले असावेत.

यंदा महाशिवरात्रीच्या आठवड्यात मी वर्तुळ काढले. सर्व काही नेहमीसारखे झाले आणि ओसरले. रामनवमीनंतर दोन-तीन दिवसांत तिच्या वागण्यात फरक पडला. ती पाणी फार पिऊ लागली. सकाळी भरलेले भांडे दहापर्यंत रिकामे होई आणि ती नळापाशी जाऊन उभी राही. जी कुत्री पिल्लूपणापासून कधी घरात घाण करत नव्हती, ती देवघरासमोर लघवी करून गेली आणि आम्ही रागावण्याआधीच खाटेखाली जाऊन बसली. जेवण अर्धे टाकू लागली. यजमान म्हणाले, ऊन बघतेस ना, माणसांना जेवण जात नाही. ते मला पटले. नाशिकचा उन्हाळा आता पूर्वीचा राहिलेला नाही.

त्याच सुमारास फरशीवर डाग दिसू लागले. लालसर, मातकट रंगाचे. मी दिनदर्शिकेपाशी गेले. मागचे वर्तुळ जेमतेम सहा-सात आठवड्यांपूर्वीचे होते. मी तिथे उभी राहून विचार केला, हे मला स्पष्ट आठवते, आणि म्हणूनच लिहिते आहे. विचार न करता चूक झाली असती तर तिचे ओझे कमी असते. मी असा निष्कर्ष काढला की तिचे वय झाले, वयाप्रमाणे क्रम बिघडतो, अडचण लवकर येते, लांबते आणि एक दिवस थांबते. माझ्या स्वतःच्या फुल्या याच क्रमाने गेल्या होत्या. मी नवे वर्तुळ काढले आणि शेजारी एक प्रश्नचिन्ह.

आमच्याकडे झाडलोट करायला एक बाई येतात. त्या पेठच्या बाजूच्या. भातलावणी आणि नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, दिवसांत गावी जातात, एरवी इथे चार घरची कामे करतात. फरशी त्याच पुसत असल्याने डागांशी त्यांचा माझ्यापेक्षा जवळचा संबंध होता. तिसऱ्या दिवशी त्या फडके बादलीत न बुडवता तसेच हातात धरून माझ्याकडे आल्या.

“बाई, ह्यो वास विटाळाचा नाय.”

मी विचारले, मग कशाचा.

“आमच्या शेळीची वार अडकली व्हती पोटात. तव्हा असाच वास मारायचा. चौथ्या दिशी मेली ती.”

मी त्यांना समजावून सांगितले की वार म्हणजे गर्भाला पोसणारा भाग, ती गाभण राहिलेल्या जनावरालाच असते, आणि आपली कुत्री एकदाही व्यायलेली नाही, त्यामुळे तिच्या पोटात वार अडकण्याचा प्रश्नच येत नाही. मी शांतपणे आणि मुद्देसूद सांगितले. माझ्या बोलण्यातले एकही विधान चुकीचे नव्हते. त्यांनी ऐकून घेतले, “तुमी म्हणता तसं,” म्हणाल्या आणि फडके पिळायला गेल्या. त्यांनी वासाबद्दल सांगितले होते. मी उत्तर वारेबद्दल दिले. वर्गात एखाद्या विद्यार्थिनीने असे केले असते तर मी अर्धा गुण कापला असता.

तरी चौथ्या दिवशी मी दवाखान्यात फोन केला. फोन मदतनिसाने घेतला. मी म्हटले, आमची कुत्री पाणी जास्त पिते, जेवत कमी आहे, आणि सध्या तिची अडचण चालू आहे.

“अडचण म्हणजे, मॅडम? माजावर आलीये का?”

मी हो म्हटले.

“मग आत्ता नका आणू. इथं बाकीची कुत्री असतात, गोंधळ होतो. पंधरा दिवसांनी आणा, तोवर ताक-पाणी द्या.”

त्याने मला चुकीचे काही सांगितले नाही. माजावर आलेली कुत्री दवाखान्यात आणू नये, हा नियम रास्त आहे. त्याला मी लालसर, मातकट स्राव आहे, त्याला दुर्गंधी आहे, असे सांगितले असते तर त्याने त्याच दुपारी बोलावले असते. मी पाहिलेले न सांगता त्याला माझा निष्कर्ष सांगितला, आणि तोही झाकून.

नवव्या दिवशी सकाळी ती तीन वेळा ओकली. फक्त पिवळे पाणी पडले. उठताना तिचे मागचे पाय लटपटले आणि ती माझ्याकडे न बघता भिंतीला टेकली. यजमानांनी तिला चादरीत उचलले. रिक्षावाल्याने चादरीकडे पाहिले आणि मागच्या सीटवर स्वतःचे फडके पसरून दिले.

दवाखान्यात आता एक तरुण डॉक्टर बसतात. त्या नामपूरच्या बाजूच्या. माणसांशी त्या आपल्यासारखेच शहरी मराठी बोलतात, पण टेबलावरच्या जनावराशी त्यांची भाषा अहिराणी असते. त्यांनी कुत्रीचे तोंड उघडून हिरड्या पाहिल्या, पोटाखाली हात घातला आणि हलकेच म्हणाल्या, “काय व्हयनं वं माय तुले?” मग माझ्याकडे वळून त्यांनी किती दिवस झाले ते विचारले.

“अडचण चालू होऊन नऊ दिवस झाले,” मी म्हटले.

“कसली अडचण? लघवीची?”

यजमान शेजारी उभे होते, दाराशी एक गृहस्थ मांजराची टोपली घेऊन बसले होते. “पाळीची,” मी म्हटले. माझा आवाज मला अपेक्षेपेक्षा मोठा वाटला.

“त्याच्याआधी कधी माजावर आली होती?”

“महाशिवरात्रीला.”

त्यांनी शेपटी बाजूला करून पाहिले आणि हातमोजा काढून टाकला. “मॅडम, ही पाळी नाही. कुत्रीची पाळी वय झालं म्हणून अशी लवकर येत नाही, जातही नाही. बायकांचं वेगळं. हिच्यात म्हातारपणापर्यंत चालूच राहते. माजानंतर महिन्या-दोन महिन्यांनी असं काही दिसलं, तर पहिल्यांदा पिशवीत पू झालाय असंच धरायचं.”

या वेळी मी शब्द दुरुस्त केला नाही.

त्यांनी सोनोग्राफी केली, रक्त घेतले आणि अर्ध्या तासाने आम्हाला आत बोलावून सर्व समजावले. ते मी इथे नीट लिहिते, कारण ज्यांच्या घरी वय झालेली, ऑपरेशन न केलेली कुत्री आहे त्यांना ते ठाऊक असायला हवे. माज ओसरल्यावर कुत्रीच्या शरीरात, ती गाभण असो वा नसो, दीड-दोन महिने गर्भधारणेला लागणारे संप्रेरक स्रवत राहते. त्यामुळे गर्भाशयाचे अस्तर दर खेपेस जाड होते. अशी अनेक वर्षे गेली की त्या मऊ अस्तरात जंतूंना जागा मिळते. माजाच्या दिवसांत गर्भाशयाचे तोंड उघडे असताना ते आत शिरतात आणि नंतर पू साठत जातो. तोंड थोडे उघडे राहिले तर तो बाहेर दिसतो. पूर्ण मिटले तर काहीच दिसत नाही आणि धोका आणखी वाढतो. जंतूंचे विष रक्तातून मूत्रपिंडांपर्यंत पोहोचते. मूत्रपिंडांना मग पाणी धरून ठेवता येत नाही. लघवी वाढते, आणि जेवढे जाते तेवढे भरून काढायला जनावर पाणी पीत सुटते.

म्हणजे तिची ती तहान उन्हाची नव्हती.

रक्ताचा अहवाल वाईट होता. डॉक्टरांनी आकड्यांवर बोट ठेवून सांगितले की मूत्रपिंडांवर पुष्कळ ताण आलेला आहे, आणि वयामुळे ती आधीच थोडी थकलेली असावीत. “ऑपरेशन केलं नाही तर ती राहणार नाही. केलं तर पिशवीचा प्रश्न सुटेल. किडन्या परत येतील का, ते मी आज सांगू शकत नाही.” यजमानांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या बघण्यात दोषारोप नव्हता, प्रश्न होता. मी म्हटले, करा.

रात्रभर सलाईन आणि प्रतिजैविके देऊन दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ऑपरेशन केले. संपल्यावर डॉक्टरांनी मला विचारले, बघायचे आहे का. मी हो म्हटले. स्टीलच्या ट्रेमध्ये तिचे गर्भाशय ठेवले होते. एकतीस वर्षे मी फळ्यावर जी आकृती काढली ती उलट्या नाशपातीसारखी होती. हे तसे नव्हतेच. एका बुंध्यापासून दोन लांब शिंगे फुटलेली, प्रत्येक माझ्या मनगटाएवढे जाड, ताणून चकाकणारे आणि गडद. ‘कुत्रीचे गर्भाशय द्विशृंगी असते’ हे वाक्य मी कॉलेजात पाठ केले होते आणि परीक्षेत लिहिलेही होते. मी बराच वेळ ट्रेपाशी उभी राहिले. डॉक्टरांनी घाई केली नाही.

पुढचे पाच दिवस ती दवाखान्यात होती. तिसऱ्या दिवशी आकडे उतरले. तिने डॉक्टरांच्या हातून उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग खाल्ला आणि यजमानांना पाहून शेपटी दोनदा जमिनीवर आपटली. ते घरी येऊन मला म्हणाले की ती वाचली. मी मान हलवली. पाचव्या दिवशी आकडे पुन्हा चढू लागले. टाके स्वच्छ होते, ताप नव्हता, संसर्ग आटोक्यात होता. मूत्रपिंडे मात्र सावरली नव्हती. डॉक्टर म्हणाल्या, घरी न्या, रोज कातडीखाली सलाईन देत राहू आणि आठवडाभर बघू.

यजमान सलाईन द्यायला शिकले. चष्मा नाकाच्या टोकावर ओढून ते तिच्या मानेवरची कातडी चिमटीत धरत आणि सुई टोचताना प्रत्येक वेळी “झालं, झालं” म्हणत. काम करणाऱ्या बाई आपल्या घरून नागलीची पातळ पेज डब्यात घेऊन येत. एक दिवस ती पेज बोटावर घेऊन तिच्या ओठांना लावत असताना मी त्यांना म्हटले, “तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.”

त्यांनी बोट पदराला पुसले. “तुमी शिकलेल्या. मी म्हनले, पुस्तकात वेगळं आसंल.” मग माझ्याकडे न बघता, “मंग मी बी सोडून दिलं. लावून धराया पायजे व्हतं.”

त्यांनी माझ्या चुकीतला वाटा उचलावा, हे मला सहन झाले नाही. मी सांगितले, तुमचा यात काहीही दोष नाही. त्यांनी पुन्हा डब्यात बोट बुडवले.

आठवडा संपत आला. तिच्या तोंडात व्रण आले होते आणि श्वासाला अमोनियासारखा वास येत होता. डॉक्टर घरी येऊन तपासून गेल्या. सलाईन असेच चालू ठेवले तर काही दिवस, कदाचित दोन-तीन आठवडे निघतील, पण ती बरी होणार नाही, असे त्यांनी सांगितले. दुसरा मार्ग कोणता, ते त्यांनी आम्ही विचारल्यावरच सांगितले. म्हणाल्या, तुम्ही ठरवा, उद्या फोन करा.

यजमानांचे मत होते की सलाईन चालू ठेवावे. ते म्हणाले, “आपल्या माणसाला आपण असं केलं असतं का?” हा विचार मला ओळखीचा होता. तिच्याविषयीचा प्रत्येक निर्णय मी याच मोजपट्टीने घेतला होता. आधी बहिणीच्या शरीरावरून, मग माझ्या. मी त्यांना म्हटले, “आज एक दिवस आपण फक्त तिच्याकडे बघू. आपल्याला काय वाटतं ते नको. ती काय करते तेवढंच बघू.”

ते कबूल झाले. सकाळपासून आम्ही दोघे आळीपाळीने तिच्याजवळ बसलो. सलाईनची बाटली खुंटीला अडकवताना तिने पाहिले आणि तोंड भिंतीकडे केले. असे तिने आधी केले नव्हते, किंवा केले असल्यास आम्ही पाहिले नव्हते. पेज नाकाशी नेली तर ओठ घट्ट मिटले. पाणी समोर होते. ती वाकली, जीभ लावली आणि व्रण झोंबल्यामुळे मागे सरली. दुपारी ती उठली, तीन ठिकाणी थांबत मागच्या मोरीपाशी गेली आणि थंड फरशीवर, आम्हा दोघांकडे पाठ करून पडली. यजमानांनी तिला उचलून गादीवर आणले. काही वेळाने ती पुन्हा तिथेच गेली. दुसऱ्या वेळी त्यांनी तिला उचलले नाही. ते मोरीच्या उंबऱ्यावर बसून राहिले. पाच वाजता त्यांनीच सांगितले, “कर फोन.”

डॉक्टर सहाच्या सुमारास आल्या. आम्ही तिला हलवले नाही. यजमान तिच्या डोक्याशी बसले, मी पुढचा पाय धरला. डॉक्टर प्रत्येक पायरी आधी सांगत गेल्या. पहिले इंजेक्शन झोपेचे, दुसरे शेवटचे. पहिल्यानंतर तिच्या पायातला ताण निघून गेला, आणि इतक्या दिवसांत मी विसरले होते की तो पंजा किती जड आहे. दुसऱ्यानंतर डॉक्टरांनी बराच वेळ स्टेथोस्कोप लावून ऐकले. मग त्यांनी तो गळ्यातून काढला आणि तिचा मुडपलेला कान हाताने सरळ केला.

चहा नको म्हणाल्या. जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी केसपेपर उघडला. मृत्यूचे कारण त्यांनी लिहिले आणि मला वाचून दाखवले. गर्भाशयातील पू, त्यातून मूत्रपिंडे निकामी. बरोबर होते. पण वरच्या ओळीत, आजाराची लक्षणे किती दिवसांपासून, या रकान्यात पहिल्या भेटीच्या वेळी त्यांनी काहीच भरलेले नव्हते.

“तिथं नऊ दिवस लिहा,” मी म्हटले.

“आता त्याची काही गरज नाही, मॅडम.”

“नऊ दिवस. आणि कारण लिहा. मालकिणीने पाळी समजून उशिरा आणली.”

त्यांनी यजमानांकडे पाहिले. यजमान मोरीच्या दाराशी उभे होते. ते म्हणाले, “लिहा. ती म्हणते तसं लिहा.”

डॉक्टरांनी रकाना अपुरा पडत असल्याने समासात बारीक अक्षरांत लिहिले आणि कागद माझ्याकडे फिरवला. मी चष्मा लावून ते वाचले. ‘पाळी’ या शब्दातला ळ नीट उमटला नव्हता. मी तो तसाच राहू दिला आणि खाली सही केली.